घरातली हवा कशी पारखावी?

हवा चांगली की वाईट, हे आपण नाकाने ठरवतो. पण नाकाचा निवाडा पुष्कळदा खोटा ठरतो. बंद न्हाणीघरात गॅसच्या गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठला, तर त्याला ना रंग ना वास. माणूस बेशुद्ध पडतो तरी नाकाला खबर नसते. म्हणून हवा मोजावी लागते. त्यासाठी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : माणशी हवा किती? १९४८ च्या कारखाने कायद्यात नव्या कारखान्यांसाठी दर कामगारामागे १४.२ घनमीटर जागेचे कलम होते. त्याचा आधार पाळी संपेपर्यंतच. पुढे कामगार ज्या खोलीत झोपतो, तिचाही हिशेब मांडू. मुंबईच्या १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतले घर २२५ चौरस फुटांचे होते. उंची नऊ फूट आणि माणसे पाच धरली, तर माणशी ४०५ घनफूट, म्हणजे सुमारे साडेअकरा घनमीटर जागा येते. यंत्राशेजारी कायद्याने मागितली तेवढी जागा पोरांच्या अंथरुणाशेजारी नाही!

दुसरा प्रश्न : ही हवा बदलते का? म्युनिकच्या पेटेनकोफर या शास्त्रज्ञाने १८५८ साली याची कसोटी घालून दिली. खोलीतला कार्बन डायऑक्साइड हजार भागांत एका भागापुढे गेला, की हवा कोंदली असे समजावे. बाहेर आज तो दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. तो मोजणारे छोटे यंत्र बाजारात मिळते; पहाटे खिडकी उघडण्यापूर्वी आकडा पाहावा. एवढ्या प्रमाणात हा वायू विष नव्हे. पण एकाने सोडलेला श्वास दुसरा घेतो आहे, हे तो सांगतो. क्षयाचे जंतू याच वाटेने पसरतात. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडांत इमारती इतक्या खेटून आहेत, की खालच्या मजल्यांना ऊन-वारा पोहोचत नाही. तेथे क्षयाचे रुग्ण खालच्या मजल्यांवर अधिक असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले.

तिसरा प्रश्न : घरात काय जळते? डासांची कॉइल, उदबत्ती, फोडणीचा धूर यांतून अतिसूक्ष्म कण निघतात. ते मोजणारे यंत्र आधी बाहेर, मग घरात ठेवावे. आतला आकडा मोठा असेल तर दोष बहुधा घरातला. बाहेरचा मोठा असेल तर रस्त्याचा किंवा बांधकामाचा. कॉइल विझवणे आपल्या हाती आहे. दोन इमारतींमधले अंतर एकट्याच्या हाती नाही.

आज घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. नकाशावर सही करण्यापूर्वी आपण खोली किती फूट वाढली एवढेच विचारतो. खिडकीसमोर भिंत किती अंतरावर येणार, स्वयंपाकघराचा धूर कोठे जाणार, तळमजल्याला ऊन मिळणार का, हेही सर्व रहिवाशांनी मिळून विचारले पाहिजे. इमारत उभी राहिल्यावर भिंत मागे सरकत नाही.