माल न भरता टी-शर्टचं दुकान

चंद्रपूर जिल्ह्यातला कोरपना तालुका कापसाचा आणि सिमेंटचा. होजिअरीचं मोठं केंद्र मात्र दूर तमिळनाडूत, तिरुपूरला. तरीही इथून हौसेचं टी-शर्ट दुकान चालवता येतं, कारण ऑर्डर आल्यावरच छपाई होते. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते, म्हणून बरेच नग काढले तरच परवडतं. डिजिटल यंत्र सुती कापडावर थेट शाई फवारतं, तिथे एकच नगही चालतो. नगामागे नफा तुटपुंजा, हा आक्षेप खरा. पण माल पडून राहत नाही, भांडवल अडकत नाही. खरा कस चित्राचा. वाघ सगळेच छापतात, माणिकगड किल्ल्याचा दरवाजा कोण छापतो? गोंडी चित्रं घ्यायची तर कलाकाराला विचारून, मोबदला देऊनच. विक्रीआधी एक नग स्वतः मागवा आणि चार-पाचदा धुऊन पाहा.