माळावरचा लांडगा मागे वळून बघत नाही

सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज लागतं. १९७९ साली माळढोकासाठी इथे अभयारण्य जाहीर झालं. माळढोक आता दिसेनासा झाला आहे, लांडगा मात्र टिकून आहे. सतीश कुमार आणि असद रहमानी या अभ्यासकांनी नान्नजच्या लांडग्यांनी शेळ्यामेंढ्यांवर केलेल्या हल्ल्यांचा सविस्तर अभ्यास करून ठेवला आहे. याच माळावर धनगरांचे वाडे उतरतात आणि वाड्याबरोबर राखणीची कुत्री येतात.

कुत्रा आणि लांडगा रक्ताचे भाऊबंद आहेत. इतके जवळचे, की पुण्याजवळच्या माळरानावर दोघांचा संकर झाल्याचं २०२३ साली जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. तरीही माणसाच्या बाबतीत दोघांची रीत अगदी निराळी. दिवेलागणीला वाड्यावर थोडं थांबून पाहावं. मेंढका मेंढरांभोवती जाळी लावत असतो. बांधापलीकडे काही हललं की कुत्रं कान टवकारतं, तिकडे रोखून बघतं आणि लगेच मान वळवून मेंढक्याच्या तोंडाकडे बघतं. पुन्हा बांधाकडे, पुन्हा मेंढक्याकडे. त्याने हाक घातली की सुसाट सुटतं. ही मागे वळून टाकलेली नजर हीच कुत्र्याची खरी ओळख आहे, असं मला वाटतं.

बुडापेस्टच्या एत्वेश लोरांद विद्यापीठात आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नेमकं हेच तपासलं. पिल्लं असल्यापासून माणसांनी हातावर वाढवलेले लांडगे आणि तशीच वाढवलेली कुत्री त्यांनी घेतली. आधी दोघांना मांस मिळवायची युक्ती शिकवली, मग ते मांस मिळणारच नाही अशी सोय केली. कुत्र्यांनी थोडी खटपट केली आणि मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं. लांडगे झटतच राहिले. माणूस मागे आहे हे त्यांना ठाऊक होतं. अडचणीत त्याच्याकडे बघावं, असं मात्र त्यांच्या मनात आलं नाही. संगोपन सारखं होतं, म्हणजे हा फरक वळणाचा नाही. किमान पंधरा हजार वर्षं माणसाच्या संगतीत राहून तो कुत्र्याच्या रक्तात उतरला आहे.

या नजरेने दोन्हीकडे काहीतरी घडतं. आई बाळाकडे बघते तेव्हा दोघांच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या नागासावा आणि किकुसुई यांनी २०१५ साली दाखवलं की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांकडे टक लावून बघतात तेव्हाही दोघांत तेच संप्रेरक वाढतं. पाळलेल्या लांडग्यांत तसं काही आढळलं नाही. पुढे २०१९ मध्ये शरीररचनेचा पुरावाही मिळाला. भुवईचं आतलं टोक वर उचलणारा स्नायू कुत्र्यात चांगला वाढलेला असतो, लांडग्यात नावापुरता. आपण ताटावर बसलो की समोर बसून जो केविलवाणा चेहरा केला जातो, तो याच स्नायूच्या जोरावर.

पण त्या डोळ्यांना आपण दिसतो तरी कसे? कुत्र्याला सगळं काळंपांढरं दिसतं, हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. जे नाइट्झ यांनी १९८९ साली अमेरिकेत केलेल्या प्रयोगांनी तो खोटा ठरवला. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग कळतात. लाल आणि हिरव्यात त्याचा गोंधळ होतो. सांगोल्याच्या बागेत पिकलेलं डाळिंब आणि त्यामागचं पान त्याच्या लेखी जवळपास एकाच मळकट रंगाचं. उलट बाळ्याच्या खंडोबाला उधळलेला भंडारा त्याला ठसठशीत दिसणार. खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असतो आणि वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो, म्हणून ही गोष्ट मला विशेष आवडते.

नजरेची धार मात्र आपल्यापेक्षा बोथट. जे माणसाला ७५ फुटांवरून स्पष्ट दिसतं, त्यासाठी कुत्र्याला साधारण २० फुटांवर यावं लागतं. मांजराची धार याहून कमी. शिवाय नाकापासून वीतभर अंतराच्या आतलं मांजराला नीट दिसतच नाही. पायाशी टाकलेला माशाचा तुकडा ते शोधत बसतं तेव्हा त्याला नखरे समजू नये. ते मिशांनी आणि नाकाने चाचपत असतं. अंधारात मात्र बाजी त्याची. आपल्याला लागतो त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या उजेडात त्याचं काम भागतं.

आपण माणसं चेहऱ्यावर फार विसंबतो, म्हणून पाळीव प्राणीही आपला चेहराच मनात जपत असेल असं धरून चालतो. २०२० साली बुडापेस्टच्याच संशोधकांनी कुत्र्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले. माणसाच्या मेंदूत चेहऱ्यांसाठी खास राखीव जागा असतात; कुत्र्याच्या मेंदूत तशी जागा सापडली नाही. समोर माणूस आहे की कुत्रा, या फरकाला त्याचा मेंदू अधिक प्रतिसाद देत होता. मालकाचा चेहरा कुत्रा ओळखतो, रागीट आणि हसरा चेहराही वेगळा काढतो, हे व्हिएन्नातल्या प्रयोगांत दिसलं आहे. पण त्याच्या मनातला मालक मुख्यतः वासाचा आणि आवाजाचा बनलेला असतो.

आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून जास्त. पॉवरलूमवरून पाळी संपवून घरी आलेल्या माणसाच्या अंगाला सुताचा, खळीचा, मशीनच्या तेलाचा वास असतो. विडी वळणाऱ्या बाईच्या बोटांना तंबाखूचा. आपल्या नाकाला तेवढंच कळतं. त्या सगळ्याच्या खाली त्या माणसाचा स्वतःचा असा जो वास असतो, तो कुत्र्याला कळतो. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना जागेपणीच एमआरआय यंत्रात स्थिर पडून राहायला शिकवलं आणि वेगवेगळे वास हुंगायला दिले. ओळखीच्या माणसाचा, अनोळखी माणसाचा, ओळखीच्या कुत्र्याचा, अनोळखी कुत्र्याचा आणि स्वतःचा. सुखाची अपेक्षा जागवणारा मेंदूचा भाग सर्वांत जास्त उजळला तो ओळखीच्या माणसाच्या वासाने. माणूस तिथे हजर नव्हता, हातात खाऊ नव्हता. सोबतच्या कुत्र्यापेक्षाही घरचं माणूस वरचढ ठरलं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२२ साली चार कुत्र्यांना माणसांच्या घामाचे आणि श्वासाचे नमुने दिले गेले, काही निवांत असतानाचे, काही ताणात असतानाचे. शंभरात नव्वदहून जास्त वेळा त्यांनी ताणाचा नमुना बरोबर काढून दाखवला. घरात कुणी काही बोललेलं नसताना कुत्रं एखाद्याच्या पायाशी जाऊन बसतं, त्यामागे हे असू शकतं.

आवाजाचं सोलापूरकरांनी मुद्दाम वाचावं. आपल्या शहरात एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड आणि चौकात दखनी. मेक्सिकोहून बुडापेस्टला गेलेल्या लॉरा कुआया या संशोधिकेला असाच प्रश्न पडला. तिच्या कुन-कुन नावाच्या कुत्र्याने आयुष्यभर स्पॅनिश ऐकलेलं, आणि आता आजूबाजूला सगळे हंगेरियन बोलणारे. तिने आणि सहकाऱ्यांनी १८ कुत्र्यांना दोन्ही भाषांतलं वाचन ऐकवून मेंदू तपासला. ओळखीची आणि अनोळखी भाषा कुत्र्याच्या मेंदूने वेगळी नोंदवली, आणि वय वाढलेल्या कुत्र्यांत हा फरक जास्त ठळक होता. २०१६ साली बुडापेस्टच्याच एत्वेश लोरांद विद्यापीठातल्या आत्तिला आंदिच यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही जुळले, तरच कुत्र्याच्या मेंदूतला आनंदाचा भाग जागा होतो. कोरडेपणाने ‘शहाणा आहेस’ म्हटलेलं त्याला पोचत नाही, आणि लाडिक सुरात काहीही बडबडलेलंही पोचत नाही.

हे सगळं घरातल्या, लाडावलेल्या कुत्र्यांचं झालं. आपल्याकडची बहुसंख्य कुत्री चहाच्या टपरीपुढची, बाजार समितीच्या दारातली, उन्हाळ्यात रिक्षाच्या सावलीला पडलेली. त्यांच्याविषयीची मोलाची माहिती भारतातूनच आली आहे, कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या प्रयोगशाळेतून. रस्त्यावरची कुत्री अनोळखी माणसावर विश्वास कशाने टाकतात, हे त्यांच्या गटाने तपासलं. काहींना पुन्हा पुन्हा खायला दिलं, काहींना डोक्यावरून हात फिरवून गोंजारलं. जास्त विश्वास बसला तो गोंजारणाऱ्यांवर. २०२० साली याच गटाने माणसाच्या बोटाचा इशारा भटक्या कुत्र्यांना कळतो का ते पाहिलं. निम्मी कुत्री भीतीने जवळच आली नाहीत. जी आली, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी कुणी न शिकवता इशाऱ्याप्रमाणे भांडं निवडलं. जवळ न आलेल्या निम्म्यांचाही विचार व्हायला हवा. माणूस म्हणजे दगड हे त्यांनी अनुभवातून शिकून ठेवलेलं असणार. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट ज्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात सांगितली जाते, तिथे हे चित्र बदलायला हरकत नसावी.

कुत्र्याबद्दलचा एक गैरसमज त्याच्या जिवावर बेततो. चप्पल कुरतडलेली दिसली की कुत्रं कान पाडतं, नजर चुकवतं, आणि आपण म्हणतो, बघा, केलेलं कळतंय त्याला. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये यासाठी छान योजना केली. ‘खाऊ नकोस’ असं सांगून मालकाने खोलीबाहेर जायचं. मागे कुत्र्याने खाल्लं की नाही, याची खरी माहिती मालकाला प्रत्येक वेळी दिली जाईलच असं नाही. अपराधी चेहरा गुन्ह्याप्रमाणे बदलला नाही. तो मालकाच्या रागावण्याप्रमाणे बदलला. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांनीही रागवल्यावर तोच चेहरा केला. म्हणजे तो पश्चात्ताप नसतो. समोरचा माणूस चिडला आहे हे ओळखून केलेली ती विनवणी असते. दोन तासांपूर्वीच्या चपलेसाठी आता दिलेला मार त्याला कशाबद्दल आहे हे कळत नाही. हे माणूस अचानक मारतं, एवढंच कळतं.

मांजराची गोष्ट वेगळ्या जागी सुरू होते. कुत्रा शिकारीत आणि राखणीत माणसाचा जोडीदार झाला. मांजर साठवलेल्या धान्यामागे आलेल्या उंदरांमागून आलं, आपल्या मर्जीने. सायप्रसमध्ये सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, इतकी ही सोबत जुनी. मांजराच्या जंगली पूर्वजांना एकटं राहायची सवय, त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून वागण्याचा वारसा त्याला नाही. म्हणून ते थंड वाटतं. ‘मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही,’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला हा मांजरावरचा अन्याय वाटतो, आणि गेल्या काही वर्षांतलं संशोधन मांजराच्या बाजूने उभं आहे.

जपानमध्ये आत्सुको साइतो यांनी २०१३ साली वीस पाळीव मांजरांना लपवलेल्या ध्वनिवर्धकातून आधी परक्यांच्या आणि मग मालकाच्या हाका ऐकवल्या. मालकाची हाक आली तशी कानांची, मानेची हालचाल वाढली. जागचं उठून मात्र सहसा कुणी आलं नाही. हाक कळते, उठायचं की नाही ते मांजर ठरवतं. स्वतःचं नावही त्यांना तशाच उच्चाराच्या इतर शब्दांतून वेगळं कळतं, हे साइतो यांनीच २०१९ मध्ये दाखवलं. क्योटोतल्या साहो ताकागी यांचा २०२१चा प्रयोग तर विलक्षण आहे. मालकाचा आवाज खोलीच्या एका टोकाकडून आला आणि लगेच दुसऱ्या टोकाकडून, की मांजर चक्रावतं. म्हणजे मालक दिसत नसतानाही तो घरात कुठे आहे, याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो. अमेरिकेत ऑरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाल यांनी त्याआधी, २०१९ मध्ये, लहान मुलांसाठी वापरली जाणारी कसोटी मांजरांना लावली. मालकाने थोडा वेळ खोलीबाहेर जायचं आणि परत यायचं. सुमारे ६४ टक्के पिल्लं मालक आल्यावर शांत झाली आणि पुन्हा बिनधास्त खेळू लागली. माणसाच्या बाळांतही हे प्रमाण जवळपास एवढंच असतं.

ब्रिस्टलचे जॉन ब्रॅडशॉ यांचं म्हणणं असं, की मांजर आपल्याशी जे वागतं त्यात त्याने माणसासाठी वेगळं फारसं काही घडवलेलं नाही. ते आपल्याला मोठ्या आकाराच्या मांजरासारखंच वागवतं. शेपूट ताठ वर करून येणं, पायांना अंग घासणं हा मांजरा-मांजरांतला सलोख्याचा व्यवहार. मांडीवर पंजांनी मळत बसणं ही आईला लुचतानाची सवय. मोठी मांजरं आपापसांत सहसा म्याँव करत नाहीत. पिल्लू आईला हाक मारतं ती हाक त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवली आहे, आणि प्रत्येक घरातलं मांजर कुठल्या म्याँवला दूध मिळतं, कुठल्याला दार उघडतं, हे पारखून आपापली बोली घडवतं. आपणही त्याच्या रीतीने बोलू शकतो. मांजराकडे बघून डोळे सावकाश मिटून सावकाश उघडले, तर तेही तसंच उत्तर देतं आणि परक्या माणसाच्याही जवळ यायला तयार होतं, असं ससेक्स विद्यापीठाच्या २०२०च्या अभ्यासात दिसलं. डोळे वटारून बघणं मात्र त्याच्या भाषेत दटावणी.

दिवाळीच्या तोंडावर या प्राण्यांच्या कानांविषयी सांगणं भाग आहे. माणसाला २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास, मांजराला साठ हजारांच्याही वर. मंद आवाजही त्यांना आपल्याहून पुष्कळ आधी कळतो. त्यात फटाका कधी आणि कुठून वाजेल हे कळायची सोय नाही. आपल्याकडे दिवाळी सरली की जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचं शोभेचं दारूकाम असतं, म्हणजे अडीच महिन्यांत दोनदा हा प्रसंग.

तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरच्या कुत्र्याला अंधार पडायच्या आत फिरवून आणा. आतल्या खोलीच्या खिडक्या लावून घ्या, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. अंगावरून उतरवलेला, न धुतलेला सदरा किंवा जुनी सोलापुरी चादर त्याच्याजवळ टाका. तुमचा वास त्याला धीर देतो. मांजर कपाटावर किंवा पलंगाखाली जाऊन बसलं तर ओढून बाहेर काढू नका. घाबरून तुमच्याजवळ आलेल्या जनावराला झिडकारू नका, जवळ घेतल्याने भित्रेपणा वाढतो ही समजूत सोडून द्या. आणि गल्लीतलं कुत्रं त्या रात्री जिन्याखाली येऊन बसलं, तर सकाळपर्यंत त्याला तिथेच राहू द्या.