फ्रीडराइख अटॅक्सिया आणि शाळा

जर्मन वैद्यकतज्ज्ञ निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८६३मध्ये वर्णिलेल्या या दुर्मीळ आनुवंशिक आजारात फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन अपुरे पडल्याने मज्जारज्जू व लहान मेंदू यांतील चेतापेशी झिजतात आणि बहुधा ५ ते १५ या वयात तोल, पुढे हस्ताक्षर व उच्चार ढासळू लागतात. आकलनशक्ती मात्र सहसा शाबूत राहते. म्हणून अभ्यासक्रमाची पातळी न उतरवता तळमजल्यावरचा वर्ग, मधली विश्रांती व संगणकावर लेखनाची मुभा देणे हेच न्याय्य ठरते. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम १७मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ व लेखनिक यांची तरतूद आहे. कलम ३१ लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के प्रमाणित, दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क देते. आजार वाढत जाणारा असल्याने या सोयींचा दर सत्रात फेरविचार व्हायलाच हवा.