पंचेचाळीस पैसे आणि नॉमिनीचे नाव

सुट्टी लागली की परभणी स्टेशनवर देवगिरी एक्सप्रेसला गर्दी उसळते. कोणी मुंबईला मामूकडे निघतो, कोणी हाजी अलीच्या जियारतीला. तिकीट आपण मोबाइलवर काढतो, पण प्रवास विम्याच्या पर्यायाकडे मात्र पाहत नाही.

आयआरसीटीसीचा हा विमा माणशी फक्त ४५ पैशांचा आहे. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. दवाखान्याच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत. खिडकीवरच्या आणि वेटिंगच्या तिकिटाला तो लागू नाही. वाटेतले साधे आजारपणही त्यात येत नाही. त्यासाठी आयुष्मान कार्ड असेल तर सोबत ठेवावे, ते परराज्यातल्या नोंदणीकृत रुग्णालयातही चालते.

आपण चुकतो ते पुढेच. तिकीट निघाल्यावर विमा कंपनीचा मेसेज येतो. त्यातील लिंकवर नॉमिनीचे नाव भरायचे असते. ते राहिले, तर दुःखाच्या वेळी घरच्यांना वारसा सिद्ध करत फिरावे लागते.

विमा जायज आहे की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारूनच ठरवावे. पण आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आम्हाला प्रवासाआधी आठवते. अल्लाह सर्वांचा प्रवास सुखरूप करो.