औषध म्हणावे, पण विष समजून हाताळावे

आमच्या वऱ्हाडात कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. सगळे ‘औषध’च म्हणतात. कपाशीला औषध मारले, औषधाची उधारी झाली, औषध जोरदार निघाले, असे बोलणे रोजचे आहे. पण याच औषधाने 2017 च्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे प्राण घेतले. शेकडो माणसे दवाखान्यात पोचली. काहींना दिसेनासे झाले होते, काहींचा श्वास अडकत होता.

कामरगाव हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले गाव. यवतमाळ जिल्हा इथून फार दूर नाही. शिवारात पिके तीच, सोयाबीन, कपाशी आणि तूर. पाठीवर पंपही तसाच. म्हणून जे तिकडे घडले ते दुसऱ्यांचे दुःख म्हणून सोडून देता येत नाही. औषध हवे की नको, यावर शहरात बसून वाद घालणे सोपे आहे. आम्ही इथे दोन्ही बाजू मांडतो आणि मग ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याचा विचार करतो.

औषधाने काय दिले?

किडी, रोग आणि तण यांमुळे जगातल्या पिकांचे दरवर्षी 40 टक्क्यांपर्यंत नुकसान होते, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा कास्तकाराला सांगावा लागत नाही. सोयाबीनच्या खोडावर चक्रीभुंगा दोन गोल काप घेतो आणि वरचा शेंडा वाळून जातो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. मे 2020 मध्ये टोळधाड मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत उतरली, तेव्हा ट्रॅक्टरवरच्या पंपांनी आणि अग्निशमन दलाच्या बंबांनी औषध मारावे लागले. अशा वेळी औषधच नको म्हणणाऱ्याने, झाडावर बसलेल्या टोळांचे काय करायचे तेही सांगितले पाहिजे.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली. त्या पिढीच्या मनात धान्याची टंचाई कायम राहिली. पुढे संकरित बियाणे, खते, सिंचन आणि औषधे यांच्या जोरावर देशाची कोठारे भरली. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणा होईल.

मग उपासमार का उरली?

कोठारे भरली तरी भूक संपली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2024 साली जगात सुमारे 67 कोटी माणसे उपाशी होती. दुसरीकडे 2022 या एका वर्षात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त घराघरांतून गेले. म्हणजे धान्य कमी पडते म्हणूनच माणूस उपाशी राहतो असे नाही. धान्य असते, पण ते विकत घ्यायला पैसा नसतो, किंवा लढाईमुळे ते पोचत नाही.

आता आपल्या शिवाराकडे पाहू. कापूस कोणी खात नाही. सोयाबीनचे तेल निघते आणि ढेप बहुतेक कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते. ज्वारीचा पेरा मात्र मागे पडत गेला आणि तो पेरणारे हात रेशनच्या रांगेत उभे राहिले. त्यामुळे इथे मारलेल्या औषधातले बरेचसे जगाची भूक भागवण्यासाठी नसते. बियाण्याची, खताची आणि औषधाची उधारी फिटावी, लेकरांची फी भरता यावी, यासाठी ते असते. पीक हातचे गेले तर कास्तकाराच्या घरची चूल विझते, हेही तितकेच खरे. भूक आणि औषध यांच्या मधे कर्ज उभे आहे. कर्जाच्या धाकानेच माणूस एका फवारणीच्या जागी तीन करतो.

यवतमाळात काय झाले?

बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला सरावली आणि पंप पुन्हा पाठीवर आले. 2017 मध्ये कपाशी अनेक ठिकाणी डोक्याच्या वर वाढली होती. उंच झाडावर फवारताना औषध अंगावर, तोंडावर येत होते. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. हवा दमट होती, अंगात साधा सदरा होता, हातात मोजे नव्हते.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले औषध तोंडावाटेच शरीरात जाते असे नाही, ते कातडीतूनही जाते. घामाने भिजलेल्या कपड्यातून तर लवकर जाते. ते मज्जातंतूंचे काम बिघडवते. मग मळमळ, लाळ, भरपूर घाम, धूसर दिसणे आणि शेवटी श्वास कोंडणे. आणि फवारणारा बहुतेक वेळा शेताचा मालक नसतोच. तो मजूर असतो. दिवसाला जितके पंप मारेल तितकी त्याची रोजी. डबी कोणती आणली हे त्याला कोणी विचारत नाही.

फवारणीआधी काय करता येते?

औषध हा पहिला नव्हे, शेवटचा उपाय ठेवावा. कपाशीत कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा अधिक नर पतंग अडकले, तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीची वेळ आली असे समजावे. शेजाऱ्याने मारले म्हणून आपण मारू नये. फरदड घेऊ नये, कारण अळीला पुढच्या हंगामापर्यंत जगायला तीच जागा देते.

निंबोळी अर्क घरीच होतो. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी गाळून 100 लिटर पाणी करावे आणि त्यात साबणाचा चुरा मिसळावा. तो टोळधाड थांबवणार नाही, पण किडीच्या सुरुवातीला वापरला तर रासायनिक फवारणीची गरज बरीच कमी होते.

घरच्यांनी काय पाळावे?

डबीवरचा त्रिकोण पाहावा. लाल म्हणजे अति विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हा क्रम घरातल्या शाळकरी मुलानेही पाठ करावा आणि अब्बांना वाचून दाखवावा. उपाशीपोटी आणि वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. तोंडाने नळी फुंकू नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नयेत, वेगळे धुवावेत. रिकाम्या डब्यात पाणी, तेल किंवा धान्य कधीही भरू नये. ताज्या फवारणीच्या शेतात बायकांना निंदायला किंवा वेचायला पाठवू नये.

त्रास सुरू झाला तर माणसाला शेताबाहेर, मोकळ्या हवेत आणावे. कपडे काढून साबणाने अंग धुवावे. मुद्दाम उलटी करवू नये. डबी सोबत घेऊन तडक सरकारी दवाखाना गाठावा, कारण उपचार कोणते करायचे हे औषधाच्या नावावरून ठरते.

आणि ज्यांची शेती आहे त्यांना एक विनंती. मजुराच्या हातात पंप देण्यापूर्वी मोजे, मास्क आणि चष्मा द्या. त्याचा खर्च औषधाच्या एखाद्या बाटलीइतकाही येत नाही. पीक वाचवायला आणलेल्या औषधाने माणूस गेला, तर त्या पिकात बरकत कुठून येणार?