तीस मिलिलिटर

वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला तेव्हा माझ्या मोठ्या बहिणीचं वजन 104 किलो होतं. उंची 155 सेंटिमीटर. आठ वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, रात्री घोरता घोरता मध्येच श्वास अडकणं आणि गुडघे. ताई सातारा जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. फळ्यासमोर उभं राहणं हेच तिचं काम आणि नेमकं तेच तिला जमेनासं झालं होतं. गुडघ्याचे डॉक्टर म्हणत होते, सांधे बदलायचे तरी आधी वजन उतरवा. वजन उतरवायला चालायला हवं आणि चाललं की गुडघे सुजत.

तिने कधी मनावर घेतलंच नाही असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. लिंबू-मध-पाणी, दुधीचा रस, दिवसातून दोनदाच जेवण, मग दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं, जिममधलं ट्रेडमिल, सगळं मी जवळून पाहिलं आहे. दर वेळी आठ-दहा किलो उतरायचे आणि पुढच्या दिवाळीपर्यंत व्याजासकट परत यायचे. यामागे शरीराची स्वतःची यंत्रणा असते. वजन उतरू लागलं की जठरातून निघणारं घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक वाढतं, आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकतं. माणूस जेवढा निग्रह करतो तेवढी भूक पेटते. हे कळल्यावर घरातल्या निदान अर्ध्या लोकांनी तिला बोलणं बंद केलं.

पुण्याला पहिल्या भेटीत सर्जननी बीएमआय काढायला घेतला, तेव्हा ताईने वजन भागिले उंचीचा वर्ग हा हिशोब त्यांच्याआधी करून उत्तर सांगितलं, 43. शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत 1991 साली ठरलेला निकष 40 चा होता, किंवा 35 आणि सोबत मधुमेहासारखा आजार. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला. आता 35 असेल तर आजार नसतानाही विचार करावा, मधुमेह असेल तर 30 पासून, आणि आशियाई माणसांसाठी 27.5 पासून. आपल्यासाठी आकडा वेगळा का, याचं एक उत्तर पुण्यातच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. म्हणजे काट्यावर बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असेलच असं नाही.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचा प्रश्न साहजिकच निघाला. टिर्झेपटाईड मार्च 2025 मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाईड जूनमध्ये भारतात विक्रीला आलं, आणि आमचा निर्णय त्याच दिवसांत चालला होता. सर्जननी टाळाटाळ न करता सांगितलं की चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाईडने सरासरी 15 टक्के, टिर्झेपटाईडच्या मोठ्या डोसने 20 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, बायपास शस्त्रक्रियेने साधारण 25 ते 30 टक्के उतरतं, आणि इंजेक्शन थांबवलं की बरंचसं वजन परत येतं. ताई म्हणाली, "म्हणजे पुन्हा तेच. मला तो खेळ आता नको." तिचा बीएमआय 32-33 असता तर मीच तिला आधी इंजेक्शन घेऊन बघ म्हटलं असतं. 43 ला मला तिचं पटलं.

शस्त्रक्रिया मुख्यतः दोन. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये काहीच काढत नाहीत, वाट बदलतात. एंडोस्कोपीत ताईच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लाने सूज आलेली दिसली. स्लीव्हनंतर हे आम्ल वर येणं वाढू शकतं, म्हणून बायपास ठरला.

घरात विरोध होताच. "चांगलं जठर कापायचं कशाला? तोंडावर ताबा ठेवला की झालं," हे ताईच्या सासूबाईंचं म्हणणं. दाजींना भीती होती ती जिवाची. सर्जननी मृत्यूचं प्रमाण सांगितलं, हजारी एक ते तीनच्या आसपास, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास. आकड्यापेक्षा दाजींना धीर आला तो नितीन गडकरींच्या उदाहरणाने. त्यांनी 2011 मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि ती लपवली नव्हती. विम्याचं काम मी अंगावर घेतलं. नियामकाच्या अटी स्पष्ट आहेत: वय किमान 18, बीएमआय 40 किंवा 35 आणि गंभीर आजार, डॉक्टरांचा सल्ला, आणि साधे उपाय करून झाल्याचा पुरावा. या शेवटच्या अटीसाठी जुन्या आहारतज्ज्ञांचे कागद, जिमच्या पावत्यासुद्धा कामी येतात. ते जपून ठेवा. खर्च काही लाखांत जातो, म्हणून पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ आधीच वाचा.

या सगळ्या तयारीत मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती आहारतज्ज्ञ बाईंची खोली. त्यांचा पहिला प्रश्न ताई काय खाते हा नव्हताच. "स्वयंपाक कोण करतं? आणि शेवटी कोण जेवतं?" दोन्हींचं उत्तर ताई. मग हळूहळू निघालं. पातेल्यात उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, दोन चमचे शिरा, वाया जाऊ नये म्हणून सगळं तिच्या ताटात. शिवाय वाढताना घरातल्या प्रत्येकाला किती लागतं ते तिला माहीत, तिला स्वतःला किती लागतं ते कुणीच विचारलेलं नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, पुढच्या वेळी मिस्टर आणि सासूबाईंना घेऊन या. त्या दोघांना समोर बसवून त्यांनी समजावलं की शस्त्रक्रियेनंतर या घरात उरलेलं संपवणारं माणूस राहणार नाही, तेव्हा स्वयंपाक मापाने करायला आतापासून शिका. सासूबाईंचा विरोध त्या दिवशी मावळला, कारण त्यांना करण्यासारखं काहीतरी काम मिळालं.

शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडे वेगळा आहार होता. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, आणि लठ्ठ माणसाचं यकृत चरबीने सुजलेलं असतं. ते आकसलं नाही तर दुर्बिणीतून जठरापर्यंत पोचणं अवघड होतं. म्हणून पिष्ट जवळजवळ बंद. आपल्याकडे उपवास म्हटला की साबुदाणा आणि बटाटा येतो, इथे नेमकं तेच वर्ज्य. प्रोटीन पावडर, पातळ ताक, उकडलेली अंडी, काकडीची कोशिंबीर. सोबत तीन चेंडूंच्या त्या प्लास्टिकच्या यंत्रात श्वास ओढून चेंडू वर धरण्याचा सराव. भूल दिल्यावर फुप्फुसं मिटू नयेत म्हणून तो असतो. श्वास अडकण्याच्या आजारासाठी रात्री सीपॅपचा मास्क लावायचा, तोही याच दिवसांत सुरू झाला.

आत काय झालं ते सर्जननी नंतर मला चित्रफितीवर दाखवलं. पोटावर पाच छोटी छिद्रं, आत कार्बन डायऑक्साइड भरून तयार केलेली पोकळी. यकृत बाजूला धरून जठराच्या वरच्या टोकाशी स्टेपलर लावतात. तो एकदा दाबला की दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या बारीक टाक्यांच्या ओळी बसतात आणि त्यांच्या मधून पातं फिरतं. कापणं आणि शिवणं एकाच दमात. असं करत करत जठराची सुमारे 30 मिलिलिटरची एक छोटी पिशवी वेगळी होते. बाकीचं जठर आत जिवंत राहतं, पाचकरस करत राहतं, पण अन्न त्यात जात नाही. मग लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक वर आणून पिशवीला जोडतात, आणि पाचकरस घेऊन येणारं दुसरं टोक सुमारे मीटरभर-दीड मीटर खाली पुन्हा आतड्याला जोडतात. इंग्रजी वाय अक्षरासारखी ही जोडणी स्विस सर्जन सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. वजनासाठी बायपासचा उपयोग अमेरिकेतल्या आयोवात एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये सुरू केला. व्रणासाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण बारीकच राहतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मला सगळ्यात जास्त वेळ लागला असं वाटलं ते शेवटच्या कामाला. आतड्याच्या पडद्यात राहिलेल्या फटी ते एकेक टाका घालून बंद करत होते. वजन उतरलं की त्या फटी मोठ्या होतात आणि त्यात आतडं अडकू शकतं. नंतर जोडणीतून निळं पाणी सोडून गळती नाही ना ते पाहिलं.

शेजारच्या खोलीतल्या तरुणाची स्लीव्ह झाली होती. त्याच्या वडिलांना आत बोलावून जठराचा काढलेला भाग ट्रेमध्ये दाखवला, आणि ते बराच वेळ भिंतीला टेकून उभे होते. आम्हाला दाखवण्यासारखं काही नव्हतं.

त्याच संध्याकाळी ताईला चालवलं. पायात घट्ट मोजे, हाताशी सलाइनचा स्टँड. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे, आणि पोटावर रोज एक इंजेक्शन. तिचं दुखत होतं ते पोटापेक्षा खांद्यात. आत राहिलेला वायू श्वासपटलाला टोचतो आणि कळ खांद्याला लागते. चाललं की ती कमी होते. घरी जाताना एक कागद दिला: नाडी 120 च्या वर, ताप, पोटात वाढती कळ, सतत उलटी, यांपैकी काहीही झालं तर फोन करत बसू नका, थेट या. जोडणीतून गळती होण्याची ती लक्षणं. मी तिची नाडी मोजत असे, आणि तीही मोजत असे, आणि आमचे आकडे जुळले की दोघी गप्प बसत असू.

आणि मग औषधाच्या बाटलीचं टोपण. 30 मिलिलिटरचं ते माप घरभर फिरत होतं. घोट घोट करत दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी पोटात जायला हवं, आणि एका वेळी त्या टोपणापलीकडे जागा नाही. आधी गाळलेलं मुगाचं कढण, नारळपाणी, शेवग्याच्या शेंगांचं पाणी. मग ताक, दूध, प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं वरण, मऊ पनीर, मुगाची आसट खिचडी. जेवणासोबत पाणी नाही, आणि नंतरही अर्धा तास नाही. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन हवं. आपल्याला वाटतं वरणात खूप असतं. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम असतं, एका अंड्यात सहा. शाकाहारी माणसाला हा हिशोब फार कठीण जातो. ताईला मऊ पोळी अडकायची, घशाखाली गोळा बसायचा आणि फेस यायचा. कुस्करलेली भाकरी जायची. हे प्रत्येकाने आपापलं शोधायचं असतं.

साखरेचं जे झालं ते पाहून मात्र मी थक्क झाले. वजन अजून फारसं हललेलं नसताना दवाखान्यातच तिच्या मधुमेहाच्या गोळ्या कमी कराव्या लागल्या. खाणं घटलेलं असतं हे एक कारण. दुसरं, अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचतं आणि तिथून जीएलपी-1 सारखी संप्रेरकं भराभर निघतात. नवीन इंजेक्शनं बाहेरून नक्कल करतात ती याच संप्रेरकाची. सर्जन वॉल्टर पोरीज यांनी 1995 मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहावर ही शस्त्रक्रिया सर्वांत परिणामकारक ठरते.

चौथ्या महिन्यात केस गळू लागले, कंगवा भरून. वेगाने वजन उतरलं की असं होतं आणि बहुतेकांचे परत येतात, पण ते आधी सांगितलेलं असूनही ती रडली. दंडाची कातडी लोंबली, चेहरा उतरला, शाळेत लोक विचारू लागले, "बरं नाही का मॅडम?" गुडघे दुखले की पर्समधून डायक्लोफेनॅक काढायची तिची जुनी सवय होती. बायपासनंतर अशा गोळ्यांनी जोडणीवर व्रण होतो, म्हणून त्या बंद. लोह, कॅल्शियम, बी-12, डी मात्र जन्मभर, आणि लोह-कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर.

गणपतीत खरी परीक्षा झाली. मामींनी प्रेमाने वाढलेला मोदक तिने आग्रहाखातर अख्खा खाल्ला. थोड्याच वेळात घाम, धडधड, पोटात पीळ, आडवं व्हावं लागलं. गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरला की असं होतं. मामी घाबरल्या, आणि त्यांच्याशी मोठ्याने बोलल्या त्या ताईच्या सासूबाई: "तिला आग्रह करायचा नाही. तिला काय हवं ते ती घेईल." एकेकाळी तोंडावर ताबा ठेव म्हणणारं माणूस हे बोलत होतं.

वर्ष झालं. काटा 73 वर आहे. झोपेची तपासणी पुन्हा करून मगच सीपॅप बंद केला. रक्तदाबाची एक गोळी उरली आहे. गुडघे अजून दुखतात, पण ती तास उभ्याने घेते. मधुमेह पुन्हा उलटू शकतो, वजनही थोडं परत चढू शकतं, हे तिला माहीत आहे.

तुमच्या घरी असा विचार चालला असेल तर सर्जनइतकाच वेळ आहारतज्ज्ञांना द्या, आणि रुग्णाला तिथे एकटं पाठवू नका. स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या माणसाने सोबत जायला हवं. आणि शस्त्रक्रियेला काही वर्षं झाली, सगळं ठीक आहे म्हणून कुणी गोळ्या आणि तपासण्या सोडल्या असतील, तर त्यांना याच आठवड्यात हिमोग्लोबिन, लोह, बी-12, डी आणि कॅल्शियम तपासून घ्यायला सांगा.