लोकरीचा लष्करी पोशाख : जतन आणि मांडणी

पावसाळा सरून आश्विनांतलें ऊन पडूं लागलें, कीं माळ्यावरच्या ट्रंका खालीं येतात. अशा एखाद्या ट्रंकेच्या तळाशीं कांहीं मराठी घरांत खाकी लोकरीचा एक आखूड कोट आणि त्याच्या जोडीची एक टोपी निघते. आजोबा किंवा पणजोबा दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर होते, एवढेंच घरांत ठाऊक असतें. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी त्या देशांतल्या डोंगरांत आणि चिखलांत लढल्या. यशवंत घाडगे ह्यांना १० जुलै १९४४ च्या आणि नामदेव जाधव ह्यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तेथलाच. तिकडच्या हिवाळ्यांत सुती गणवेशाचा कांहीं उपयोग नव्हता. म्हणून हें जाड सर्जचें कापड.

ट्रंक उघडल्यावर घरचीं माणसें मोठ्या प्रेमानें कोट धुतात, बटणें चकचकीत करतात, खिशांत डांबराच्या गोळ्या भरतात आणि सारें कांचेच्या चौकटींत घालून दिवाणखान्यांत टांगतात. इतक्या वर्षांत कसरीला जें साधलें नाहीं, तें पुष्कळसें ह्या चार उपचारांनीं साधतें.

धुण्यापासून सुरुवात करूं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि चोळणें ह्या तिहींचा योग आला, कीं ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटतें. बेरे टोपी तर ह्याच गुणावर तयार होते : आधीं ती सैल व मोठी विणतात आणि मग पाण्यांत घोटून आटवतात. (ब्रिटिश सैन्याच्या रणगाडा-दलानें १९२४ मध्यें बेरेचा काळा रंग पत्करला, तो तेलाचे डाग दिसूं नयेत म्हणून.) ती पुन्हां ऊन पाण्यांत पडली, म्हणजे कारखान्यांत थांबविलेली क्रिया पुढें चालू होते आणि टोपी नातवाच्या डोक्यालाहि बसेनाशी होते.

नुकसान मापाचेंच होतें असेंहि नाहीं. कोटाच्या आंतल्या बाजूस शिवलेल्या चिंधीवर बनविणाऱ्याचें नांव, माप आणि बहुधा सालहि छापलेलें असतें. अस्तरावर शाईनें घातलेला शिपायाचा नंबर असतो. १९४२ नंतरच्या काटकसरीच्या नमुन्यांत खिशांच्या चुण्या गेल्या आणि पुढचीं बटणें उघडीं दिसूं लागलीं. एवढ्यावरूनहि कोटाचा काळ ठरवितां येतो. कॉलरवरचा घामाचा डाग आणि कोपरावरचें ओबडधोबड रफू हा तर त्या माणसाच्या हातचा लेख होय. साबण तो पुसून टाकतो आणि पुसलेला लेख परत मिळत नाहीं.

येथें एक पेंच मात्र आहे. कसरीला स्वच्छ लोकरीपेक्षां घामट लोकर अधिक रुचते. फिकट सोनेरी रंगाचा इवलासा पतंग स्वतः कांहीं खात नाहीं. खाते ती त्याची अळी. ती अंधार, निवांतपणा आणि कॉलर, कांख, टोपीची कड अशा जागा शोधते. तेव्हां डाग राखावयाचा, पण धूळ काढावयाची. कापडावर बारीक जाळी धरून धूळ ओढणारें यंत्र अगदीं मंद चालवावें, किंवा मऊ कुंचल्यानें एकाच दिशेनें झाडावें. कपडे वर्षांतून दोनदां उलगडून, झटकून सावलींत हवा देण्याची जुनी रीत फार चांगली, कारण अळीला तिची शांतता भंगलेली सोसत नाहीं. उन्हांत घालूं नये, इतकेंच. ट्रंकेंत पांढरी पूड सांपडली तर ती डी. डी. टी. असूं शकते, हातमोजे घातल्याशिवाय तिला हात लावूं नये.

डांबराच्या गोळ्यांची वाफ घट्ट बंद पेटींत कोंडली तरच काम करते, आणि ती माणसाला, विशेषतः तान्ह्या मुलाला, अपायकारक आहे. वेखंड आणि कडुलिंब ह्यांवर भिस्त ठेवण्याजोगी नाहीं. खरा उपाय थंडीचा. कपडा जुन्या, धुतलेल्या मलमलींत गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवींत घालावा, हवा दाबून काढावी, पिशवी पक्की बंद करावी आणि उणे १८ अंश सेल्सिअसच्या शीतपेटींत दोन आठवडे ठेवावी. साध्या बर्फाच्या कप्प्यांत तेवढी थंडी बहुधा नसते. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडूं नये, नाहींतर दंव कापडावरच धरतें.

पितळी बटणांची गोष्ट वेगळी. शिपाई बटण घासतांना त्याच्यामागें खांच असलेली एक पट्टी सरकवीत, म्हणजे पॉलिश कापडाला लागत नसे. आज ती पट्टी क्वचितच हाताशीं असते, आणि पॉलिशचा पांढरा थर लोकरींत रुतून बसतो. बटणें मंदच राहूं द्यावींत. पदकें मात्र कोटावर ठेवूं नयेत. लोकरींतून गंधकाचा अंश सुटत असतो आणि त्यानें चांदी काळवंडते. पहिल्या महायुद्धांतलें ब्रिटिश वॉर मेडल बहुतेकांना चांदीचेंच मिळालें होतें.

आतां मांडणी. लोखंडी तारेचा हँगर खांद्याला भोंक पाडतो व गंज लावतो. त्यावर मलमलीची जाड गादी हवी. टोपी खुंटीला अडकवूं नये. तिच्या आंत स्वच्छ कापडाचा गोळा घालावा, वर्तमानपत्राचा बोळा कदापि नाहीं, कारण त्या कागदांतलें आम्ल व शाई दोन्ही उतरतात. चौकट केलीच, तर कांच कापडाला टेकूं नये. आणि पावसाळ्यांत ओल धरणारी बाहेरची भिंत टाळावी, कारण हवेंतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली, कीं बुरशीचें भय असतें. प्रकाशाची हानि हळूहळू सांचत जाते. संग्रहालयांत कापडावर ५० लक्सच्या वर उजेड पडूं देत नाहींत. खिडकीजवळ तो त्याच्या कित्येक पटींनीं असतो. म्हणून पोशाख वर्षांतून तीन-चार महिने मांडावा आणि मग सपाट पेटींत निजवावा. एरवीं भिंतीवर त्याचें छायाचित्र पुरे.

बाही सुटलेली असेल किंवा अळीनें मोठें भोंक पाडलें असेल, तर घरीं सुई धरण्याऐवजीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या, जतनाची शाखा असलेल्या संस्थेचा सल्ला घ्यावा. त्याआधीं घरांतल्या वडील माणसाजवळ बसून कोट कोणाचा, पलटण कोणती, तो घरीं केव्हां आला, हें सारें पेन्सिलीनें लिहून घ्यावें आणि सुती फितीच्या एका तुकड्यावर नांव-नंबर टिपून ती फीत दोन सैल टाक्यांनीं अस्तराला लावावी.